ग्रामसभेत हात वर करण्याआधी: गावाच्या विकास आराखड्यात आपले काम बसवायचे कसे

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत कोणीतरी उठून तावातावाने विचारतो, "आमच्या गल्लीचा रस्ता कधी होणार?" सरपंच म्हणतात, "घेऊ की." ग्रामसेवक (२०२४ पासून पदनाम 'ग्रामपंचायत अधिकारी') वहीत काहीतरी टिपतात. मार्चअखेर कळते की पैसे दुसरीकडेच गेले. लोक म्हणतात, राजकारण झाले. कधी कधी झालेलेही असते. पण अनेकदा कारण फार साधे असते: ते काम आराखड्यात नव्हते. आराखड्यात नसलेल्या कामावर वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून गावाला येणाऱ्या निधीचा, रुपया टाकता येत नाही, कारण ई-ग्रामस्वराज या सरकारी ऑनलाइन प्रणालीत ज्या कामाची नोंद नाही त्याचे बिलच निघत नाही.

हा लेख महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीच्या वार्षिक विकास आराखड्यापुरता आहे. सरकारी कागदांत त्याला जीपीडीपी म्हणतात, आपल्याकडे तो 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने चालतो. (पुणे महापालिकेतही नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे मागवली जातात, पण तिथले अर्ज आणि मर्यादा वेगळ्या आहेत. ते इथे नाही.) एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. ग्रामसभा ही या प्रक्रियेतली शेवटची मोठी पायरी आहे. तिथे पोहोचेपर्यंत तुमचे काम कागदावर तयार नसेल, तर सभेत कितीही आवाज चढवला तरी पदरात 'घेऊ' हा शब्दच पडतो.

टप्पा १: वर्षाचे वेळापत्रक भिंतीवर लावा

आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. त्या वर्षाचा आराखडा आधीच्या पावसाळ्यानंतर आकार घेतो. केंद्राची आराखडा मोहीम साधारण २ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर अशी चालते, त्यामुळे खरी धावपळ दिवाळीच्या आगेमागे असते. म्हणजे पुढच्या वर्षी रस्ता हवा असेल तर तयारी ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू झाली पाहिजे. जानेवारीत जागे होणारा एक वर्ष मागे पडतो.

कायद्याने (महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८) वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा रूढ झाल्या आहेत, पण दिवस पुढेमागे होऊ शकतो. म्हणून गावच्या सूचना फलकावर नजर ठेवा. व्हॉट्सॲपवरच्या निरोपावर विसंबू नका.

तपासा: आराखड्याची ग्रामसभा कधी आहे आणि तालुक्याकडून तुमच्या गावासाठी प्रभारी अधिकारी कोण नेमले आहेत, या दोन गोष्टी ग्रामसेवकाकडून सप्टेंबरात विचारून घ्या.

टप्पा २: पैसा किती, आणि कोणत्या खिशात

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडे रेंगाळू.

लोकांच्या मनात ग्रामपंचायतीचा पैसा म्हणजे एकच पेटी असते. तसे नसते. वित्त आयोगाचा निधी वेगळा, घरपट्टी-पाणीपट्टीतून येणारा ग्रामनिधी वेगळा. दलित वस्ती सुधार, जनसुविधा, ठक्कर बाप्पा आदिवासी वस्ती सुधार या योजना, आमदार निधी, जिल्हा नियोजन समितीचा निधी हे सगळे आणखी वेगळे, आणि त्यांचे निर्णय गावाबाहेर होतात. गावाला थेट हात घालता येतो तो पहिल्या दोन खिशांत.

पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात (२०२१-२६) महाराष्ट्रात या निधीतला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना आणि १०-१० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी विभागणी होती. ग्रामपंचायतीच्या वाट्याचे पुन्हा दोन भाग. ६० टक्के 'बंधित': त्यातला निम्मा स्वच्छता, हागणदारीमुक्ती टिकवणे, सांडपाणी आणि घनकचरा यांसाठी, निम्मा पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. उरलेला ४० टक्के 'अबंधित', म्हणजे गावाच्या गरजेनुसार. पण पगार आणि आस्थापनेवर तो खर्च करायचा नाही. आयोग बदलला की प्रमाणही बदलू शकते. म्हणून ज्या वर्षाचा आराखडा, त्या वर्षाचे पत्र मागा.

आता आकडेमोड. समजा, तुमच्या ग्रामपंचायतीला वर्षाचे १२ लाख येणार आहेत आणि प्रमाण वरचेच आहे. मग:

स्वच्छतेसाठी ३ लाख ६० हजार.
पाण्यासाठी ३ लाख ६० हजार.
अबंधित ४ लाख ८० हजार.

गल्लीतला सिमेंट रस्ता फक्त या शेवटच्या ओळीतून होऊ शकतो. पण ४ लाख ८० हजारही पूर्ण हातात नाहीत. गेल्या वर्षीचे अर्धवट काम संपवायचे आहे, त्याचे समजा १ लाख १० हजार. आपले सरकार सेवा केंद्राचा खर्च, पथदिव्यांचे थकलेले वीजबिल यांतले काय काय या हेडमधून (खर्चाच्या शीर्षातून) जाते तेही वजा करा. शेवटी तीन-सव्वातीन लाख उरतात. आणि गावात रस्ता मागणाऱ्या गल्ल्या सहा.

हा हिशेब एकदा फळ्यावर मांडला की सभेतले निम्मे भांडण ओसरते. 'माझी गल्ली की तुझी' यावरून गाडी 'तीन लाखांत काय बसेल' यावर येते. शिवाय दुसरी बाजूही दिसते: रस्त्यासाठी पैसे नाहीत, पण गटार, शोषखड्डे, टाकीची दुरुस्ती यांसाठी सात लाखांहून जास्त आहेत. तुमच्या गल्लीची खरी अडचण चिखल असेल आणि चिखलाचे मूळ सांडपाण्यात असेल, तर मागणी रस्त्याऐवजी गटाराची करा. ती बंधित निधीत बसते आणि तिथे रांग छोटी असते.

एका विभागातली गावाची गरज पूर्ण भागली असेल तर तो पैसा बंधित निधीच्याच दुसऱ्या विभागात वापरण्याची सोय होती. स्वच्छतेचा पाण्यासाठी, किंवा उलट. रस्त्यासाठी नव्हे.

ग्रामनिधीचेही हिस्से ठरलेले आहेत. स्वउत्पन्नातून १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी. हे हिस्से वर्षानुवर्षे कागदावर पडून राहतात, कारण मागायला कोणी जात नाही.

अनुसूचित क्षेत्रातल्या गावांसाठी आणखी एक खिसा आहे: पेसाचा (आदिवासी क्षेत्रातल्या पंचायतींसाठीच्या कायद्याचा) पाच टक्के अबंध निधी. त्याचा निर्णय पाड्याच्या किंवा गावाच्या ग्रामसभेत होतो आणि व्यवहार ग्रामसभा कोष समितीमार्फत होतात. तुमचा पाडा मोठ्या गट-ग्रामपंचायतीत असेल तर हे दोन निधी एकमेकांत मिसळू देऊ नका.

सावधान: "निधी किती येणार?" असे तोंडी विचारले की तोंडीच उत्तर मिळते. "भाऊसाहेब, पंचायत समितीचे निधी कळवणारे पत्र आणि पासबुकातली आजची शिल्लक दाखवा" असे विचारा. आराखडा या दोन कागदांवरच उभा राहतो.

टप्पा ३: गेल्या वर्षीचा आराखडा वाचा

ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर लॉगिन न करता कोणालाही आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा पाहता येतो. वर्ष, राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडत जा. कामांची यादी, प्रत्येकाची रक्कम, झालेला खर्च दिसतो. मोबाइलवर मेरी पंचायत ॲप आहे, पण यादी छापून घ्यायची तर संगणक बरा.

यादी घेऊन गावातून एक फेरी मारा. प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक खूण करा: झाले, अर्धवट, दिसत नाही. 'दिसत नाही' म्हणजे भ्रष्टाचारच, असे लगेच धरू नका. काम पुढच्या वर्षी ढकललेले असते, जागा बदललेली असते, कधी नोंदीतले नाव इतके मोघम असते ('गावांतर्गत रस्ता सुधारणे') की कोणता रस्ता हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. या शेवटच्या प्रकाराकडे विशेष लक्ष द्या. मोघम नाव पुढे कोणत्याही गल्लीत वापरता येते.

टप्पा ४: मागणीचे 'काम' करा

'आमच्याकडे पाण्याचा त्रास आहे' ही तक्रार झाली. आराखड्यात तक्रार बसत नाही, काम बसते. तक्रारीचे काम करायला एक पानी कागद पुरतो. त्यावर पुढच्या गोष्टी हव्यात.

कामाचे नेमके नाव. 'पाणीपुरवठा दुरुस्ती' नको. 'मारुती मंदिर ते जिल्हा परिषद शाळा, जुनी गळकी वितरण नलिका बदलणे, अंदाजे १८० मीटर' असे लिहा. लांबी टेप लावून मोजा. पावलांनी मोजलेली लांबी इस्टिमेटच्या वेळी फसवते.

लाभार्थी. किती घरे, किती माणसे, त्यांत शाळकरी मुले आणि म्हातारी माणसे किती. वस्तीत अनुसूचित जाती-जमातीची घरे असतील तर संख्या वेगळी लिहा. या घटकांवरचा खर्च त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात असावा अशी अपेक्षा असते आणि छाननीत तो तपासला जातो.

जागा कोणाची. बहुतेक कामे इथे अडकतात, त्यामुळे हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत रस्ता आहे का? खासगी जमिनीतून जात असेल तर मालकाची संमती लेखी घ्या, तीही सगळ्या सहहिस्सेदारांची. थोरल्या भावाने 'करा की' म्हटले आणि काम सुरू झाल्यावर धाकट्याने कोर्टातून मनाई आणली, असे होते. गायरानावर काही बांधायचे असेल तर महसूल खात्याची परवानगी लागते. ग्रामसभेचा ठराव तिथे पुरत नाही. शाळेची खोली असेल तर इमारत जिल्हा परिषदेची, आणि जुनी खोली पाडायची तर आधी निर्लेखनाची (जुनी इमारत नोंदीतून काढण्याची) मंजुरी. गावातून जाणारा मोठा रस्ता बांधकाम विभागाच्या किंवा जिल्हा परिषदेच्या ताब्यात असतो, त्यावर ग्रामपंचायतीने पैसे टाकायचे नसतात.

अंदाजे खर्च. पंचायत समितीच्या किंवा बांधकाम उपविभागाच्या शाखा अभियंत्याला जागा दाखवा आणि कच्चे इस्टिमेट मागा. सरकारी दरसूचीचा दर आणि गवंड्याने सांगितलेला दर यांत फरक असतो, आणि आराखड्यात पहिलाच चालतो. अभियंता वेळ देत नसेल तर गेल्या वर्षी गावात झालेल्या तशाच कामाचे इस्टिमेट काढून मीटरचा भाव लावा. ढोबळ आकडा आकडाच नसण्यापेक्षा बरा.

कोणता निधी. टप्पा २ मधला हिशेब इथे उपयोगी पडतो. निधीचे नाव अर्जदारानेच सुचवले की 'कोणत्या हेडमधून करायचे?' हा टोलवाटोलवीचा प्रश्न सुरू होण्याआधीच संपतो.

देखभाल कोण करणार. व्यायामशाळा, आरओचे पाणीयंत्र, सौर दिवे ही कामे उद्घाटनाच्या फोटोत छान दिसतात. फिल्टर बदलायचा खर्च कोणाचा, किल्ली कोणाकडे, बॅटरी गेली तर काय, याचे उत्तर नसलेले काम मागू नये असे माझे मत आहे. बंद पडलेली आरओ यंत्रे कमी नाहीत.

इस्टिमेट उपलब्ध पैशांपेक्षा मोठे निघाले तर? आपल्या उदाहरणात रस्ता साडेचार लाखांचा निघाला आणि उरलेत सव्वातीन, असे धरा. काम दोन वर्षांत विभागता येते, पण पहिला तुकडा स्वतःच्या बळावर वापरण्याजोगा हवा: अर्धी लांबी पूर्ण जाडीची, पूर्ण लांबी अर्ध्या जाडीची नको.

सावधान: एकाच वर्षी, एकाच रस्त्याचे, निविदेची मर्यादा चुकवण्यासाठी तुकडे पाडणे ही अनियमितता आहे. लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि वसुली सरपंच-ग्रामसेवकावर लागू शकते. गावातल्या कोणी कौतुकाने ही युक्ती सुचवली तर मान डोलावू नका.

टप्पा ५: छोट्या सभा मोठ्या सभेच्या आधी

ग्रामसभेत शंभर माणसांसमोर पहिल्यांदा विषय काढला तर त्याला विरोध होतोच. विरोधाचे कारण पुष्कळदा एवढेच की तो विषय समोरच्याने तिथेच पहिल्यांदा ऐकलेला असतो.

म्हणून आधी प्रभाग सभा. आपल्या प्रभागाच्या सदस्याकडे ती मागा. मग महिला सभा: प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी ती घेणे कायद्याने बंधनकारक आहे आणि तिच्या शिफारशी ग्रामसभेपुढे ठेवाव्या लागतात. व्यवहारात काय होते हे सगळ्यांना ठाऊक आहे: ग्रामपंचायतीची शिपाई बाई वही घेऊन घरोघर सह्या गोळा करते आणि महिला सभा 'झाली'. बचत गटाच्या बायकांनी ठरवले तर हे एका वर्षात बदलते. गटाची बैठक असते त्याच दिवशी, त्याच जागी महिला सभा बोलवा. अध्यक्ष आणि सचिवांनी पाच कामांची यादी आपल्या हाताने इतिवृत्तात लिहावी. सरपंचबाईंच्या जागी त्यांचे यजमान येऊन बसले तर त्यांना चहा द्या आणि बाहेर बसवा.

वंचित घटकांची सभा वेगळी. तिच्यात पारधी वस्ती, धनगरवाडा, ऊसतोडणीला जाणारी कुटुंबे, दिव्यांग, एकट्या राहणाऱ्या बाया यांचे म्हणणे येणे अपेक्षित आहे. तोडणीची टोळी दिवाळीनंतर गाव सोडते, म्हणून तिची सभा ऑक्टोबरातच उरकली पाहिजे. डिसेंबरच्या ग्रामसभेत त्यांच्या वतीने बोलायला गावात कोणी उरत नाही आणि 'त्या वस्तीतून मागणी आली नाही' अशी नोंद होऊन जाते.

शिवार फेरी आणि गाव फेरीही याच काळात होते. ती गाडीवरून करायची नसते.

टप्पा ६: क्रम लावणे

आता हातात तीस-चाळीस कामे आणि मोजके पैसे. ग्रामपंचायत संसाधन गट, प्रभारी अधिकारी, सदस्य असे बसून प्रारूप आराखडा करतात. या बैठकीला नागरिक म्हणून जाऊन बसा.

क्रम लावण्याची एक पद्धत आधी ठरवून घ्या आणि कामांची नावे नंतर वाचा. उलटे केले की निकष नावे पाहून बेतले जातात. साधे चार प्रश्न पुरतात: किती घरांना फायदा, काम न केल्यास आरोग्याला किंवा जिवाला धोका आहे का, जागा मोकळी आहे का, दुसऱ्या योजनेतून होऊ शकते का. शेवटचा प्रश्न विसरू नका. रोजगार हमीतून होणारी विहीर किंवा पाणंद रस्ता अबंधित निधीत घातला तर गावाचे पैसे वाया गेल्यासारखेच.

सगळ्या प्रभागांना सारखे वाटून टाकायचा मोह होतो. प्रत्येक सदस्याला पन्नास हजार, वाद मिटला. मिटतो खरा, पण पन्नास हजारांत धड काहीच होत नाही आणि सहा ठिकाणी सहा अर्धवट गटारे उभी राहतात. यंदा दोन वस्त्या, पुढच्या वर्षी दोन, हा क्रम ग्रामसभेच्या ठरावात लिहून घेतला तर ज्यांना थांबायचे आहे तेही थांबतात.

तपासा: प्रारूपाची बेरीज उपलब्ध निधीच्या आसपास आहे का. निधी १२ लाख आणि आराखडा ८५ लाखांचा, असे प्रारूप दिसले तर समजा की क्रम लावलाच नाही. सगळ्यांची नावे घालून सगळ्यांना खूश केले आहे. त्यातली कोणती कामे करायची हे मग वर्षभर दोन-तीन माणसे ठरवतात.

टप्पा ७: ग्रामसभेचा दिवस

सर्वसाधारण ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघायला हवी. नोटीस हातात आली की एकच गोष्ट पाहा: विषयपत्रिकेवर 'वार्षिक विकास आराखड्यास मंजुरी' हा विषय आहे का. नसेल तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' यात आराखडा रेटू देऊ नका, आणि आपले कामही त्यात ढकलू नका.

गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली कमी असेल ती संख्या. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. अर्थ लक्षात घ्या. पहिल्या सभेला लोक आले नाहीत तर दुसऱ्या सभेत बारा माणसे गावाचा आराखडा मंजूर करू शकतात. 'आम्ही बहिष्कार टाकला' असे अभिमानाने सांगणाऱ्यांना हा नियम ठाऊक नसतो.

सभेत बोलताना:

बोलण्याआधी एक पानी कागदाची प्रत अध्यक्षांकडे द्या.
दोन मिनिटांत संपवा: काम, घरे, रक्कम, निधी.
सूचक आणि अनुमोदक आधी ठरवून ठेवा, शक्यतो दोन वेगळ्या वस्त्यांतले.

ठरावाचा मसुदा घरून लिहून न्या. असा:

"सन … च्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात मारुती मंदिर ते जिल्हा परिषद शाळा येथील वितरण नलिका (अंदाजे १८० मीटर) बदलण्याचे काम बंधित निधी, पाणीपुरवठा या शीर्षाखाली, अंदाजे रक्कम रु. … इतक्या खर्चास अधीन राहून, प्राधान्यक्रम २ वर समाविष्ट करण्यास ही ग्रामसभा मंजुरी देत आहे. सूचक … अनुमोदक … ठराव बहुमताने मंजूर."

यात जागा, लांबी, निधी, रक्कम आणि क्रमांक, पाचही गोष्टी आहेत. 'सदर विषयावर चर्चा होऊन योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले' असे वाक्य इतिवृत्तात आले तर तुमचे काम मंजूर झालेले नाही, हे तिथेच ओळखा.

सावधान: हजेरीची सही वहीच्या कोऱ्या पानावर करू नका. पानाच्या वर तारीख आणि 'ग्रामसभा हजेरी' असे लिहिलेले असू द्या. आणि सभा संपण्यापूर्वी ठराव वाचून दाखवण्याचा आग्रह धरा. 'नंतर नीट लिहू' म्हटलेला ठराव नंतर दुसराच निघतो. पुढच्या आठवड्यात इतिवृत्ताच्या प्रतीसाठी अर्ज करा.

टप्पा ८: मंजुरीनंतरचे तीन महिने

इथे लोक घरी जातात, आणि इथेच कामे गळतात.

मंजूर आराखडा पंचायत समितीत तांत्रिक छाननीला जातो आणि मग ई-ग्रामस्वराजवर चढतो. चढल्यावर टप्पा ३ प्रमाणे पुन्हा उघडा आणि ठरावाशी ओळ न् ओळ ताडून पाहा. नाव मोघम झाले आहे का? रक्कम बदलली का? पाण्याचे काम चुकून स्वच्छतेच्या शीर्षात गेले का? डेटा भरणाऱ्याच्या एका चुकीच्या क्लिकमुळे काम वर्षभर अडकते. चूक सापडली तर लगेच लेखी कळवा. दुरुस्त किंवा पुरवणी आराखडा करता येतो, पण त्यालाही ग्रामसभेची मान्यता लागते.

मग क्रम असा: पक्के इस्टिमेट, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कोटेशन किंवा निविदा, कार्यारंभ आदेश, काम, मोजमाप पुस्तिकेत नोंद, बिल. बिलाची रक्कम सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या डिजिटल सहीने थेट पुरवठादाराच्या खात्यात जाते. निविदेच्या मर्यादा शासन वेळोवेळी बदलते, म्हणून चालू मर्यादा उपअभियंत्याकडून विचारून घ्या. कार्यारंभ आदेशाआधी खडी येऊन पडली तर ती कोणाच्या भरवशावर पडली हे विचारायला हरकत नाही.

काम चालू असताना इस्टिमेटची प्रत जवळ ठेवा. रस्त्याची जाडी कडेला पट्टी लावून मोजता येते. काँक्रीटवर किमान सात ते दहा दिवस पाणी मारले पाहिजे. उन्हाळ्यात ठेकेदार दुसऱ्या दिवशीच गायब होतो, तेव्हा गल्लीतल्या घरांनी पाळी लावून पाणी मारले तर रस्ता टिकतो. नलिका बुजवण्याआधी खोली आणि पाइपावरचा छाप यांचे फोटो काढा. माती पडल्यावर कोणी काही सिद्ध करू शकत नाही.

एक धोका गावाच्या हाताबाहेरचा आहे. निवडून आलेली समिती नसेल आणि प्रशासक बसला असेल, किंवा ग्रामपंचायतीचे हिशेब ऑनलाइन बंद झालेले नसतील, तर वित्त आयोगाचा हप्ता अडकू शकतो. म्हणून 'गेल्या वर्षीचे हिशेब बंद केले का, लेखापरीक्षण झाले का' हा प्रश्न एप्रिल-मेमध्ये विचारून ठेवा.

अडले तर कोणाकडे

पहिली पायरी विस्तार अधिकारी (पंचायत), दुसरी गटविकास अधिकारी, तिसरी जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. पायरी चुकवून थेट मंत्र्यांना पत्र लिहिले तरी ते फिरून गटविकास अधिकाऱ्यांकडेच येते. प्रत्येक अर्जाला ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जोडा. ठरावाशिवायचा अर्ज एका माणसाची तक्रार ठरतो.

कागद मिळत नसतील तर माहिती अधिकार: दहा रुपयांचे शुल्क, तीस दिवसांची मुदत, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. अर्जात 'सर्व कामांची सर्व माहिती' मागू नका, ते उत्तर कधीच येत नाही. 'अमुक कामाचे इस्टिमेट, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पाने आणि देयक' असे चार कागद मागा.

आर्थिक वर्षातली पहिली ग्रामसभा वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांत घ्यावी लागते. तिच्यापुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, शेवटचे लेखापरीक्षण टिपण आणि त्यावरची उत्तरे ठेवणे कलम ८ नुसार ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे. मे महिन्यातल्या उन्हात या सभेला फारसे कोणी येत नाही. तुम्ही जा, आणि जाताना टप्पा ३ मधली खुणा केलेली यादी बरोबर घ्या: 'अर्धवट' आणि 'दिसत नाही' अशी खूण असलेली कामे तिथे वाचून दाखवली की त्यांची उत्तरे इतिवृत्तात येतात, आणि ऑक्टोबरात नवा आराखडा करताना तीच पहिली ओळ ठरतात.